फ्रीजचा सेन्सर खरंच गेलाय का? बदलण्याआधी घरच्या घरी तपासायची पद्धत

खालच्या कप्प्यात काकडी गोठते, दुधाच्या पिशवीत बर्फाचे कण दिसतात. किंवा उलटं: फ्रीजरमधलं आइस्क्रीम पातळ होतं आणि आदल्या दिवशीचं वरण आंबतं. मेकॅनिक येतो, दार उघडून हात घालतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो, "सेन्सर गेलाय." कधी खरंच गेलेला असतो. पण बऱ्याचदा दोष दाराच्या रबरात, अडकलेल्या पंख्यात किंवा उंदरानं कुरतडलेल्या वायरीत निघतो. सेन्सर, म्हणजे आतलं तापमान मोजणारा छोटा तुकडा, हा फ्रीजमधल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक. महागात पडतं ते चुकीचं निदान, कारण नवा सेन्सर बसवूनही फ्रीज सुधारला नाही की पुढचा संशय थेट बोर्डावर (फ्रीज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर) जातो आणि बोर्डाचा खर्च हजारांत असतो.

सेन्सर चांगला की वाईट, हे अंदाजानं सांगायची गरजच नाही. तो मोजता येतो. साधा मल्टीमीटर (व्होल्टेज, रेझिस्टन्स वगैरे मोजणारं छोटं यंत्र) आणि ग्लासभर बर्फ एवढ्यावर काम भागतं.

## १. आधी बघा, तुमच्या फ्रीजमध्ये सेन्सर आहे का

ही पायरी गाळू नका. आपल्याकडच्या बहुतेक साध्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये (ज्यात फ्रीजरमध्ये बर्फ साचतो आणि नॉबच्या मधलं बटण दाबून तो वितळवावा लागतो) इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसतो. तिथे थर्मोस्टॅट असतो: नॉबच्या मागे एक स्विच आणि त्यातून निघून फ्रीजरच्या पत्र्याला चिकटलेली बारीक तांब्याची नळी. नळीत गॅस भरलेला असतो. ती कुठे दुमडून चिरली, की गॅस निघून जातो आणि कॉम्प्रेसर चालूच होत नाही. याची तपासणी सोपी आहे. प्लग काढा, आतला भाग खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नॉब मधल्या आकड्यावर ठेवा आणि थर्मोस्टॅटच्या दोन मुख्य टोकांवर मल्टीमीटरची 'बीप' वाजते का बघा. वाजली नाही तर थर्मोस्टॅट बदलायचा, विषय संपला.

डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये, आणि इन्व्हर्टरवाल्या (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) काही सिंगल डोअरमध्ये, सेन्सर असतात. पुढचं सगळं त्यांच्याबद्दल. जुन्या फ्रॉस्ट फ्री मॉडेलमध्ये मात्र डीफ्रॉस्ट टायमर (साचलेला बर्फ ठरावीक वेळानं हीटरनं वितळवणारा) आणि कॉइलवर, म्हणजे फ्रीजरमागच्या थंड होणाऱ्या नळ्यांच्या वेढ्यांवर, चिकटवलेलं गोल, बटणासारखं बायमेटल असतं. ते सेन्सरसारखं दिसलं तरी तो स्विच आहे: थंडीत जोडलेला, उबेत उघडा. खोलीच्या तापमानाला त्यात काहीच रीडिंग येत नाही, आणि ते बरोबरच आहे. धडधाकट बायमेटल 'मेलेलं' ठरवून फेकून देणं ही अगदी नेहमीची चूक.

## २. काय जमवायचं

- डिजिटल मल्टीमीटर. २० के आणि २०० के अशा दोन्ही ओहम रेंज असलेला (ओहम हे रेझिस्टन्सचं, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप; के म्हणजे किलोओहम). अगदी साधा चालेल.
- प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर, उणे २० अंशांपर्यंत दाखवणारा. घरातला तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, तो ३२-३५ अंशांच्या खाली काही सांगतच नाही.
- बर्फ, एक ग्लास किंवा छोटा थर्मास, पातळ प्लास्टिकची पिशवी.
- स्टार आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर, पॅनेल उचकटायला प्लास्टिकची पट्टी. जुनं एटीएम कार्डही चालतं.
- जाड हातमोजे. कॉइलच्या पत्र्याच्या कडा हात कापतात.
- जुनी फडकी, परात आणि फोटो काढायला मोबाइल.
- कागदपत्रं: बिल, वॉरंटी कार्ड आणि मॉडेल नंबर. मॉडेलचं स्टिकर बहुधा आतल्या भिंतीवर, भाजीच्या ट्रेच्या बाजूला किंवा फ्रीजच्या मागे असतं. त्याचा फोटो आधीच काढून ठेवा, सेन्सर विकत घेताना लागणार आहे.

वॉरंटी चालू असेल तर इथेच थांबा आणि कंपनीच्या सर्व्हिसला फोन करा. जाहिरातीतली दहा वर्षांची वॉरंटी साधारणपणे फक्त कॉम्प्रेसरची असते. सेन्सर आणि बोर्ड सहसा त्यात येत नाहीत. कार्डावरची बारीक अक्षरं वाचा.

## ३. सेन्सर खोटं कुठल्या बाजूला बोलतो

फ्रीजचा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. दोन वायरी, टोकाला प्लास्टिकच्या टोपीत बसवलेला मण्याएवढा तुकडा. नियम एकच: थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, ऊब वाढली की कमी होतो. बोर्ड तो रेझिस्टन्स वाचून तापमान ठरवतो, बोर्डाला दुसरं काही दिसत नाही. आता सेन्सर बिघडला तर काय होईल, हे याच नियमातून निघतं.

रेझिस्टन्स खऱ्यापेक्षा कमी झाला, तर बोर्डाला वाटतं आत गरम आहे. तो थंड करतच राहतो. भाजी गोठते, कॉम्प्रेसर थांबत नाही, वीजबिल वाढतं. याचं नेहमीचं कारण ओल. टोपीला केसाएवढी चीर जाते, आत पाणी शिरतं आणि त्या पाण्यातून करंटला चोरवाट मिळते.

रेझिस्टन्स खऱ्यापेक्षा जास्त झाला, तर बोर्डाला वाटतं पुरेसं थंड झालंय. कॉम्प्रेसर लवकर बंद होतो किंवा लागतच नाही, आणि दूध नासतं. कारण बहुधा गंजलेला कनेक्टर किंवा आतून अर्धवट तुटलेली वायर. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, तिथे आधी हेच बघायचं.

वायर पूर्ण तुटली किंवा दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या, तर बहुतेक बोर्ड ते ओळखतात, एरर दाखवतात आणि ठरावीक वेळापत्रकावर कॉम्प्रेसर चालवत राहतात. म्हणजे सेन्सर पूर्ण मेला तर फ्रीज कसाबसा चालतो आणि पत्ताही लवकर लागतो. खरा डोकेदुखीचा सेन्सर तो, जो थोडासा खोटा बोलतो. तिथे एरर येत नाही.

एका फ्रीजमध्ये सेन्सर एकापेक्षा जास्त असतात, आणि प्रत्येकाची लक्षणं वेगळी:

फ्रीज कप्प्याचा सेन्सर. बहुधा आतल्या जाळीच्या किंवा झाकणाच्या मागे. हा बिघडला की खालच्या कप्प्यात गोठणं किंवा कोमट होणं, फ्रीजर मात्र ठीक.

फ्रीजरचा सेन्सर. हा बिघडला की बहुतेक मॉडेलमध्ये दोन्ही कप्प्यांवर परिणाम दिसतो, कारण कॉम्प्रेसर याच्याच सांगण्यावर चालतो.

डीफ्रॉस्ट सेन्सर. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड, कॉइलला क्लिपनं अडकवलेला. हीटरनं बर्फ वितळला की नाही, हे हा सांगतो. कॉइलचं तापमान शून्याच्या बरंच वर, साधारण १० अंशांच्या आसपास गेलं की हीटर बंद होतो. हा सेन्सर 'गरम आहे' असं खोटं सांगत असेल तर हीटर वेळेआधीच बंद होतो, कॉइलवर बर्फाचे थर साचतात आणि हवेची वाट बुजते. लक्षण ठरलेलं: फ्रीजर बरा, खालचा कप्पा गरम, आणि फ्रीज दिवसभर बंद ठेवून चालू केला की आठवडाभर छान चालतो, मग पुन्हा तेच. उलट 'थंडच आहे' असं सांगत असेल तर हीटर जास्त वेळ तापत राहतो. तो बोर्डातल्या वेळेच्या मर्यादेवर थांबतो, नाहीतर थर्मल फ्यूज (जास्त तापलं की हीटरची वीज तोडणारा) उडतो.

बाहेरच्या हवेचा सेन्सर. काही मॉडेलमध्ये वरच्या बिजागरीच्या झाकणाखाली किंवा डिस्प्लेपाशी असतो. याच्यामुळे मोठी तक्रार क्वचितच येते.

डिस्प्ले असेल तर एरर कोड बघा. एलजीच्या अनेक मॉडेलमध्ये 'ईआर एफएस' म्हणजे फ्रीजर सेन्सर, 'ईआर आरएस' म्हणजे फ्रीज कप्प्याचा सेन्सर, 'ईआर डीएस' म्हणजे डीफ्रॉस्ट सेन्सर. 'ईआर एफएफ' आला तर तो सेन्सर नव्हे, फ्रीजरचा पंखा. दुसऱ्या कंपन्यांचे कोड वेगळे असतात, मॅन्युअलमध्ये बघा. एक लक्षात ठेवा: 'सेन्सर एरर' म्हणजे सेन्सरच्या वाटेत कुठेतरी गडबड, मग ती सेन्सरमध्ये असेल, वायरीत, कनेक्टरमध्ये किंवा बोर्डात.

## ४. सेन्सरकडे जाण्याआधी ही चार कारणं बाद करा

दाराचं रबर. रबर आणि बॉडी यांच्यामध्ये दहाची नोट धरून दार बंद करा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथून हवा आत शिरते. चारही बाजूंनी तपासा, विशेषतः खालचा कोपरा. तिथे सांडलेल्या दुधा-सरबताचा चिकटा साचून रबर कडक होतं.

फ्रीजरचा पंखा. दार उघडलं की तो बऱ्याच मॉडेलमध्ये थांबतो, म्हणून दाराचं बटण बोटानं दाबून धरा आणि कान द्या. आवाज नाही किंवा घासल्याचा आवाज, तर आधी पंखा बघायचा. फ्रीज डीफ्रॉस्टमध्ये असेल तेव्हाही पंखा बंद असतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा ऐका.

हवेची वाट आणि नॉब. मागच्या झरोक्यांना टेकून पातेलं ठेवलंय का? कोथिंबिरीची जुडी नेमकी झरोक्यासमोर असेल तर ती गोठणारच, त्यात सेन्सरचा काय दोष? शिवाय बऱ्याच डबल डोअर मॉडेलमध्ये फ्रीजरमध्ये एक वेगळा नॉब असतो. तो तापमानाचा नव्हे, हवा कुठे किती जाईल याचा असतो. तो 'फ्रीजर सगळ्यात थंड' वर नेला की खालच्या कप्प्याला हवा कमी मिळते. उन्हाळ्यात घरोघरी कोणीतरी कुल्फीसाठी तो फिरवतं आणि नंतर विसरतं.

वीज. व्होल्टेज पडत असेल तर कॉम्प्रेसर सुरू होता होता बंद पडतो. स्टॅबिलायझरचा आकडा रात्री आठच्या सुमारास बघा, दुपारी नाही.

## ५. हाताला किती थंड लागतं यावर जाऊ नका

ग्लासभर पाण्यात थर्मामीटरचा प्रोब बुडवून तो मधल्या फळीवर ठेवा, दार बंद करा, बारा तासांनी वाचा. पाण्यात यासाठी, की दार उघडताच हवेचं तापमान बदलतं, पाण्याचं बदलत नाही. ३ ते ५ अंश म्हणजे उत्तम. फ्रीजरमध्ये प्रोब दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवा, उणे १८ च्या आसपास हवं. डिस्प्लेवर जो आकडा दिसतो तो बऱ्याच मॉडेलमध्ये तुम्ही लावलेला आकडा असतो, आतलं खरं तापमान नव्हे.

आकडे कागदावर लिहा. दोन्ही कप्पे गरम आणि कॉम्प्रेसर अखंड चालू, असं असेल तर सेन्सरचा संशय कमी होतो, कारण सेन्सर कॉम्प्रेसर चालवायलाच सांगतोय. मग संशय थंडावा देणाऱ्या गॅसवर, पंख्यावर किंवा बर्फानं भरलेल्या कॉइलवर.

## ६. प्लग काढा आणि सेन्सरपर्यंत पोचा

नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. इन्व्हर्टर फ्रीजच्या बोर्डावरचे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या घरातला डीसी धरून ठेवतात. किमान दहा मिनिटं थांबा आणि बोर्डाच्या त्या भागाला हात लावू नका.

कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर 'आर ६००ए' लिहिलंय का बघा. आजकालच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुधा तोच गॅस असतो. तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेट घेणारा. त्यामुळे कॉइलवरचा बर्फ सुरीनं, स्क्रू ड्रायव्हरनं टोकरायचा नाही, मेणबत्ती-टॉर्चची आच द्यायची नाही. दार उघडं ठेवून परातीत गरम पाणी ठेवा, खाली फडकी अंथरा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. गच्च भरलेली कॉइल पूर्ण मोकळी व्हायला रात्रभर लागते. मात्र वितळवण्याआधी पॅनेल उघडून बर्फाचा फोटो काढा. तो फोटो म्हणजे अर्धं निदान:

- कॉइलभर सारखा, जाड बर्फ: डीफ्रॉस्टमध्ये दोष. सेन्सर, हीटर, थर्मल फ्यूज किंवा बोर्ड.
- फक्त पहिल्या एक-दोन वेढ्यांवर बर्फ, बाकी कॉइल कोरडी: गॅस कमी आहे. इथे सेन्सर बदलून काहीही होणार नाही.
- पातळ, पांढरी, एकसारखी साय: कॉइल ठीक.

फ्रीज कप्प्याच्या सेन्सरचं झाकण सहसा एका स्क्रूवर किंवा दोन खाचांवर असतं. थंड प्लास्टिक पटकन तुटतं, म्हणून फ्रीज खोलीच्या तापमानाला आल्यावरच उचकटा. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी फोटो घ्या.

## ७. मोजणी: एक खोलीच्या तापमानाला, एक बर्फात

कनेक्टर सुटा करूनच मोजायचं. बोर्डाला जोडलेला असताना ओहम मोजले तर बोर्डातले रेझिस्टर मध्ये येतात आणि आकडा भलताच दिसतो.

पहिली मोजणी: सेन्सर आणि थर्मामीटरचा प्रोब शेजारी-शेजारी टेबलावर ठेवा, पंखा बंद करा, पंधरा मिनिटांनी दोन्ही वाचा.

दुसरी मोजणी: ग्लास बर्फाच्या चुऱ्यानं काठोकाठ भरा, फटी भरतील एवढंच पाणी ओता, ढवळा. हे मिश्रण शून्य अंशांवर असतं. मीठ घालू नका, तापमान शून्याच्या खाली जाईल. सेन्सर पातळ पिशवीत घालून, हवा दाबून काढून, मध्यभागी बुडवा. तळाशी नुसतं पाणी साचलेलं नको. पाच-सात मिनिटांनी आकडा स्थिर होईल, तो लिहा.

वेगवेगळ्या कंपन्या वेगळ्या किमतीचे सेन्सर वापरतात. नेहमी भेटणारे तीन, त्यांचे अंदाजे आकडे (के म्हणजे किलोओहम):

- २.७ के प्रकार: २५ अंशांना २.७ के, शून्याला सुमारे ८ के, उणे १८ ला सुमारे २० के.
- ५ के प्रकार: २५ अंशांना ५ के, शून्याला १४ ते १६ के, उणे १८ ला ३५ ते ४५ के.
- १० के प्रकार: २५ अंशांना १० के, शून्याला २८ ते ३३ के, उणे १८ ला ७० ते ९५ के.

तुमच्या मॉडेलचा तक्ता मिळाला तर तोच खरा. काही फ्रीजमध्ये तो मागच्या झाकणाच्या आत चिकटवलेला किंवा घडी करून ठेवलेला सापडतो.

आता या पायरीवरचे सापळे, कारण चांगले सेन्सर सगळ्यात जास्त इथेच बाद होतात.

पहिला: उन्हाळा विसरणं. तक्त्यातला आकडा २५ अंशांचा असतो. मे महिन्यात खोलीत ३५ अंश असताना ५ के सेन्सर साधारण ३.४ के दाखवतो, १० के सेन्सर ७ के च्याही जरा खाली. तो अगदी ठणठणीत असतो. ३० अंशांना अनुक्रमे ४.१ आणि ८.२ के च्या आसपास. म्हणूनच शेजारी थर्मामीटर हवा, आणि म्हणूनच बर्फातला आकडा जास्त भरवशाचा: नागपूर असो की महाबळेश्वर, वितळत्या बर्फाचं तापमान तेच.

दुसरा: रेंज. मल्टीमीटर २० के वर असेल आणि १० के प्रकारचा सेन्सर बर्फात ३० के झाला, तर पडद्यावर डावीकडे नुसता '१' किंवा 'ओएल' (म्हणजे आकडा रेंजच्या बाहेर) दिसतो. सेन्सर तुटला असं वाटतं. रेंज २०० के वर न्या आणि मगच बोला.

तिसरा: बोटं. मल्टीमीटरच्या दोन्ही प्रोबची टोकं दोन हातांनी चिमटीत धरली की तुमचं शरीरही मोजलं जातं. ५ के ला फरक जाणवत नाही, पण ८०-९० के मोजताना ओल्या बोटांनी आकडा बराच खाली येतो. क्लिपचे प्रोब वापरा, किंवा एकच टोक हातात धरा.

## ८. आकडे काय सांगतात

दोन्ही आकडे एकाच प्रकाराच्या ओळीत बसले आणि तक्त्यापासून फरक पाच टक्क्यांच्या आत असेल, तर सेन्सर चांगला. खोलीतला आकडा बरोबर पण बर्फातला खूपच कमी, म्हणजे आत ओल शिरली आहे. असा सेन्सर दिवसभर उन्हात वाळवला की पुन्हा बरोबर दाखवतो आणि बसवल्यावर काही दिवसांत फसवतो. त्याला दुसरी संधी देऊ नका.

आकडा उड्या मारत असेल तर वायर टोपीच्या अगदी मुळाशी धरून हलक्या हातानं वाकवा. वाकवल्यावर 'ओएल' येऊन परत आकडा दिसला तर वायर आतून तुटलेली आहे. चिमटीत टोपी धरून ऊब द्या: आकडा एकसारखा खाली उतरायला हवा. मध्येच अडखळला तर सेन्सर खराब.

तक्ता नसेल तर एक झकास पर्याय आहे. फ्रीजर आणि फ्रीज कप्प्याचे सेन्सर बऱ्याच मॉडेलमध्ये एकाच प्रकारचे असतात. दोन्ही एकाच बर्फाच्या ग्लासात बुडवा. दोघांचे आकडे जुळले तर दोघंही चांगले, कारण दोन सेन्सर एकदम तेवढेच बिघडणं जवळपास अशक्य. नाही जुळले, तर जो तक्रारीच्या कप्प्यातला तोच बहुधा गुन्हेगार.

## ९. सेन्सर चांगला निघाला, तक्रार मात्र कायम

आता वायरिंग. सेन्सर जागेवर जोडा, बोर्डाकडचा कनेक्टर सुटा करा आणि तिथून तोच रेझिस्टन्स मोजा. सेन्सरपाशी ५ के आणि बोर्डापाशी ९ के आलं तर मधल्या कनेक्टरमध्ये गंज आहे. बोर्डापाशी काहीच येत नसेल तर वायर तुटलेली: फ्रीजच्या मागे, खालच्या बाजूला, उंदरांचे दात शोधा. वरच्या बिजागरीतून दाराकडे जाणाऱ्या वायरी सततच्या उघडझापीनं तुटतात, तेही बघा. बोर्ड उघडलाच आहे तर झुरळांची घाण आणि मेलेली पाल याही गोष्टींवर नजर टाका. दोन्हींमुळे बोर्ड शॉर्ट होतो.

वायरिंगही ठीक असेल तर बोर्डाची परीक्षा. सेन्सरच्या जागी, प्लग काढलेला असताना, बोर्डाच्या कनेक्टरमध्ये साधा रेझिस्टर (कायम एकच रेझिस्टन्स देणारा छोटा तुकडा) लावा: ५ के प्रकारासाठी १५ के चा, म्हणजे बोर्डाला 'शून्य अंश' दिसेल. झाकण बंद करून फ्रीज चालू करा. एरर गेला तर बोर्ड ठीक आहे. तरीही तोच सेन्सर एरर येत असेल तर दोष बोर्डात. रेझिस्टर अगदी स्वस्तात मिळतो: मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा गावातलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. चाचणी झाली की तो काढा. काही जण तोच कायमचा ठेवून 'काम झालं' म्हणतात. मग बोर्डाला आत कितीही तापमान असलं तरी एकच आकडा दिसतो, आणि कॉम्प्रेसर एकतर कधी थांबत नाही किंवा कधी लागत नाही.

चालू बोर्डावर व्होल्टेज मोजायला जाऊ नका. अनेक इन्व्हर्टर बोर्डांची कमी व्होल्टची बाजूसुद्धा मेन लाइनपासून वेगळी केलेली नसते, त्यामुळे 'पाच व्होल्टच तर आहेत' या भरवशावर शॉक बसतो.

भाजी गोठतेय आणि सेन्सर, वायर, बोर्ड सगळं ठीक आहे? मग डॅम्पर बघा. फ्रीजरमधून खाली येणारी थंड हवा रोखणारी ही छोटी झडप उघड्या स्थितीत बर्फानं अडकते आणि लक्षण हुबेहूब बिघडलेल्या सेन्सरसारखं दिसतं.

## १०. बदलायचा तर

मॉडेल नंबर दाखवून पार्ट नंबरनुसारच घ्या. "सगळ्या फ्रीजला चालतो" म्हणून मिळणारा सेन्सर टाळा. २५ अंशांचा आकडा जुळला तरी थंडीत रेझिस्टन्स किती वेगानं वाढतो, ज्याला बीटा व्हॅल्यू म्हणतात, तोही जुळावा लागतो. तो जुळला नाही तर खोलीत सगळं बरोबर दिसेल आणि उणे १८ ला तीन-चार अंशांची चूक होईल. नवा सेन्सर बसवण्याआधी तोही बर्फात मोजा. नवीन म्हणजे चांगला असं काही नसतं.

सेन्सरला उलट-सुलट नसतं, दोन वायरी कशाही जोडल्या तरी चालतात. कनेक्टर तयार मिळाला तर उत्तम. वायर कापून जोडायची असेल तर दोन जोड एकमेकांसमोर न येता मागे-पुढे ठेवा, सोल्डर करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आक्रसून घट्ट बसणारी) चढवा. नुसती काळी टेप लावू नका. फ्रीजच्या ओलीत ती काही महिन्यांत सुटते आणि जोडातून पाणी शिरलं की नवा सेन्सरही जुन्यासारखाच वागायला लागतो. जोड पाणी ठिबकणार नाही अशा जागी, शक्यतो सेन्सरपेक्षा उंचावर ठेवा.

जागा अचूक तीच ठेवा. डीफ्रॉस्ट सेन्सरची क्लिप फोटोत ज्या नळीवर होती त्याच नळीवर, घट्ट. सैल बसली तर तो कॉइलऐवजी हवेचं तापमान वाचतो. कप्प्याचा सेन्सर मागच्या भिंतीला टेकवू नका आणि थेट झरोक्याच्या तोंडाशीही ठेवू नका.

## ११. चालू केल्यावर

प्लग लावल्यावर कॉम्प्रेसर लगेच लागला नाही तर घाबरू नका, बोर्ड मुद्दाम काही मिनिटं थांबतो. पहिले २४ तास फ्रीज अर्धाच भरा, गरम पातेली आत सारू नका, सेटिंग मधल्या आकड्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ग्लासात पुन्हा तापमान मोजा आणि आधी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. डीफ्रॉस्ट सेन्सर बदलला असेल तर एका दिवसात निकाल लागत नाही. आठ-दहा दिवसांनी फ्रीजरचं मागचं पॅनेल पुन्हा उघडा. कॉइलवर पातळ साय दिसली तर काम झालं, जाड थर दिसला तर पुढचा संशय हीटर आणि थर्मल फ्यूजवर.

काही मॉडेलमध्ये सेन्सर भिंतीच्या फोममध्ये गाडलेला असतो. तिथे फोम फोडत बसू नका. फोममागेच गॅसची नळी गेलेली असू शकते, आणि तिला भोक पडलं तर शंभर-दोनशेचं काम फ्रीज बदलण्यावर जातं. असा फ्रीज आणि पायरी ६ मधला 'गॅस कमी' वाला फ्रीज, हे दोन्ही मेकॅनिकचं काम. त्याला बोलावताना तुमच्या कागदावरचे आकडे आणि बर्फाचा फोटो आधी दाखवा, मग तो काय म्हणतो ते ऐका.